आयफेलच्या डोंगरात एक गिरकी

जर्मनीतल्या आयफेलच्या डोंगराळ भागात न्यूर्बुर्ग नावाचं एक चिमुकलं खेडं आहे. गावाच्या डोक्यावर एक जुना पडका किल्ला आहे, पण किल्ला बघायला म्हणून आलेला माणूस मला तिथे आढळला नाही. लोक येतात ते किल्ल्याला वळसा घालून जाणाऱ्या रस्त्यासाठी. नॉर्डश्लायफे हे त्याचं नाव. १९२७ साली खुला झालेला, जवळजवळ २०.८ किलोमीटर लांबीचा, आणि वळणं किती यावर गावात अजून एकमत न झालेला. शर्यतवीर जॅकी स्टुअर्टने त्याला 'हिरवा नरक' म्हटलं. गावकऱ्यांना ते इतकं आवडलं, की आता नरकाचे टी-शर्ट विकायला असतात आणि लोक घरच्यांसाठी मापं आठवून आठवून घेतात.

१९७६ साली शर्यतवीर निकी लाउडा इथे आगीतून जेमतेम वाचला. त्यानंतर फॉर्म्युला वनने या रस्त्याचं नाव टाकलं. पण रस्ता बंद झाला नाही. शर्यती आणि चाचण्या नसतील तेव्हा टोल भरून कुणीही आपली गाडी आत घालावी! कायद्याच्या नजरेत तो साधा एकेरी टोलरस्ता आहे. ओव्हरटेक डावीकडूनच करायचं, कठडा वाकवला तर कठड्याचे पैसे भरायचे, आणि बराचसा रस्ता वेगमर्यादेविना. जगातल्या निष्णात शर्यतवाल्यांना जो रस्ता नकोसा झाला तो हौशी मंडळींना खुला ठेवायचा, यामागचा तर्क जर्मनांनाच ठाऊक.

माझा भाचा श्टुटगार्टला सॉफ्टवेअर लिहितो. त्याने 'एक जुनी गाडी घेतली' असं घरी कळवलं होतं. ती जुनी गाडी म्हणजे पोर्शे ९११. हिची डिकी पुढे आणि इंजिन मागच्या चाकांच्याही मागे. मागच्या सीटवर माझी पिशवी बसली आणि तिलासुद्धा पाय पोटाशी घ्यावे लागले.

"मामा, हे बटण बघा," भाचा म्हणाला. "हे दाबलं की गाडी पूर्ण आपली."

"म्हणजे आत्ता कुणाची आहे? हप्ते राहिलेत का?"

हप्ते नव्हते. गाडीत एक तिसरा इसम होता आणि ते बटण त्याला रजा द्यायचं. मर्सिडीजवाले त्याला ईएसपी म्हणतात, बीएमडब्ल्यूवाले डीएससी, पोर्शेवाले पीएसएम; नावं वेगळी, नोकरी एकच. चालकाने स्टिअरिंग किती वळवलं, गाडी स्वतःभोवती किती वेगाने फिरते आहे, बाजूला किती ढकलली जाते आहे, कुठलं चाक किती पळतं आहे, यावर तो सतत डोळा ठेवून असतो. साहेबांना कुठे जायचंय आणि गाडी कुठे निघालीय यांत फरक दिसला, की हा परस्पर एखादंच चाक धरतो. गाडीची मागची बाजू बाहेर निसटायला लागली तर बाहेरच्या अंगाचं पुढचं चाक. नाक वळायलाच तयार नसेल तर आतल्या अंगाचं मागचं. शिवाय इंजिनचा जोरही काढून घेतो. आपल्या पायाखाली ब्रेकचं पेडल एकच, त्यामुळे एकेक चाक वेगळं धरणं हे जन्मजात चालकालाही शक्य नाही.

या इसमाचा जन्मही खड्ड्यातला. १९८९ साली स्वीडनच्या बर्फाळ रस्त्यावर मर्सिडीजचा एक इंजिनिअर गाडीसकट घसरून खड्ड्यात गेला आणि ओढून काढणाऱ्या ट्रकची वाट बघता बघता त्याला ही कल्पना सुचली. पहिल्या प्रयोगासाठी त्याने गायरोस्कोप काढला तो खेळण्यातल्या हेलिकॉप्टरमधून. १९९५ मध्ये बॉशच्या साथीने ही यंत्रणा मर्सिडीजच्या महागड्या एस-क्लासमध्ये आली. गरिबाघरी ती आली ती दोन वर्षांनी, एका नसलेल्या प्राण्यामुळे. स्वीडनमधल्या एका नियतकालिकाने मूस नावाचं अवाढव्य हरीण रस्त्यात आलंय असं समजून मर्सिडीजच्याच नव्या, छोट्या ए-क्लासला झटकन वळवून पाहिलं, आणि गाडी उलटली. मग प्रत्येक ए-क्लासमध्ये ईएसपी बसली. आता युरोपात २०१४ पासून ती प्रत्येक नव्या मोटारीत सक्तीची आहे.

मला हा इसम लगेच ओळखीचा वाटला. जुन्या नाटक कंपन्यांत विंगेत प्रॉम्प्टर उभा असे. नटाची वाक्यं हा पुरवायचा, टाळ्या नट घ्यायचा, आणि पुढे पुढे नटाला मनापासून वाटायला लागायचं, की आपलं पाठांतर जबरदस्त आहे. भाच्याचं नेमकं तेच झालं होतं. "गाडी माझ्या बोटांवर नाचते," असं तो म्हणायचा, तेव्हा डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकत असायचा.

न्यूर्बुर्गरिंगच्या शेजारीच सुरक्षित ड्रायव्हिंग शिकवणारं एक केंद्र आहे. तिथे मुद्दाम गुळगुळीत केलेल्या जमिनीवर पाणी सोडतात आणि लोक पैसे भरून त्यावर घसरतात. आमचे मास्तर साठीचे, जाकिटाची चेन गळ्यापर्यंत लावलेले. वॉकीटॉकीवरून म्हणाले, "आधी बटण न दाबता एक फेरी."

भाचा ओल्या वर्तुळात जोरात शिरला. खालून गुरगुर ऐकू आली, पिवळा दिवा थयथयाट करू लागला, गाडी कुरकुरत का होईना, वर्तुळात फिरली. भाच्याने माझ्याकडे पाहून भुवई उडवली.

"आता बटण दाबा."

भाच्याने ज्या भक्तिभावाने ते दाबलं, त्याने सत्यनारायणाला हात जोडलेलेही मी पाहिलेले नाहीत. गाडी आत शिरली, अंमळ तिरकी झाली, आणि सगळे घाबरून जे करतात तेच याने केलं: अॅक्सिलरेटरवरचा पाय झटकन काढला. भार पुढे गेला, मागची चाकं हलकी झाली, आणि मागे लटकलेल्या इंजिनाने सूत्रं हाती घेतली. मला झाडं दिसली. मग मास्तर. मग झाडं. मग मास्तर, या वेळी खिडकीच्या दुसऱ्या बाजूला. शेवटी आम्ही आलो त्याच दिशेला तोंड करून थांबलो.

मास्तरांनी विचारलं, "काय झालं?"

"टायर," भाचा म्हणाला.

"टायर मघाशीही तेच होते."

जर्मन भाषेत सांत्वनाचे शब्द असतात, पण मास्तरांचा ते खर्चण्याचा विचार दिसला नाही. त्यांनी एवढंच सांगितलं, की या गाडीत त्या बटणानेही पीएसएम पुरतं बंद होत नाही. जोरात ब्रेक दाबून एबीएस जागं झालं की तो इसम मदतीला परत येतो. मालकाने हाकलल्यावरही दाराबाहेर चपला घालून उभा राहणारा असा नोकर आमच्या अख्ख्या खानदानाला कधी मिळाला नाही.

जेवणासाठी इंजिन बंद केलं. नंतर भाचा पुन्हा वर्तुळात शिरला आणि काय सांगू, गाडी रेषा न सोडता फिरली. "बघितलंत मामा? पहिल्यांदा अंदाज नव्हता. आता हात बसला."

मी डॅशबोर्ड पाहिला. गाडी बंद करून पुन्हा सुरू केली की पीएसएम आपोआप कामावर रुजू होतं, आणि दिवा सकाळसारखाच लुकलुकत होता. वॉकीटॉकी खरखरली: "सुंदर. आता बटण दाबून करा."

संध्याकाळी नॉर्डश्लायफेवर एक फेरी मारली. ब्रुन्शेनच्या वळणावर कुंपणापलीकडे बरीच मंडळी खुर्च्या टाकून कॅमेरे रोखून बसली होती. लोकांची बटणाची हौस बघायला आलेला हा प्रेक्षकवर्ग. आमच्या भाच्याने त्यांची घोर निराशा केली. त्याचा हात बटणाच्या वाटेला गेला नाही. कारुसेलच्या काँक्रीटच्या कललेल्या वळणात माझी कवळी तेवढी स्वतंत्रपणे हलली. दिवा मात्र पेटत होता, विझत होता, पेटत होता.

बाहेर पडल्यावर त्याने आईला फोन लावला. "हो, ट्रॅकवरच. नाही, काही झालं नाही, एकदम व्यवस्थित. मामा शेजारीच होते ना. मदत? छे गं, मदत कुणाची? सगळं एकट्याने."