ड्युअल घ्यावे की घेऊ नये : इच्छुकांसाठी शास्त्रोक्त मार्गदर्शन

व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात विपणन, वित्त, मनुष्यबळ, ऑपरेशन्स किंवा बिझनेस अॅनालिटिक्स यांपैकी एका शाखेच्या विशेष अध्ययनास विशेषीकरण म्हणतात, आणि अशी एक शाखा मेजर व दुसरी मायनर म्हणून एकाच दमात पदरात पाडून घेण्यास महाविद्यालयाच्या कँटीनमध्ये नुसते ‘ड्युअल’ म्हणतात. पुणे विद्यापीठाच्या एमबीएच्या २०१९च्या आराखड्याने ही सोय रीतसर करून दिली असल्यामुळे, ती न घेणारा विद्यार्थी आळशी तरी असावा किंवा त्याची घरी नीट चौकशी होत नसावी, असा समज रूढ झाला आहे.

निर्णयाच्या पूर्वतयारीत विद्यार्थ्याने आपल्याला कोणता विषय आवडतो याचा विचार करू नये, कारण त्यात अकारण कालापव्यय होतो. त्याऐवजी आदल्या वर्षी सर्वांत मोठे पॅकेज मिळवणाऱ्या सीनिअरची जोडी कोणती होती ते टिपून घ्यावे, आणि त्या सीनिअरच्या गाठीशी एमबीएपूर्वीच नोकरीचा काही वर्षांचा अनुभव होता ही बाब सोयीस्करपणे विसरावी. यानंतर नातेवाइकांचे मत घ्यावे. ते फायनान्सच्या बाजूनेच पडते.

जोड्यांच्या गुणमेलनाविषयी थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. फायनान्स आणि अॅनालिटिक्स यांचे गोत्र एकच, म्हणजे संख्याशास्त्र, असल्याने एकाचा अभ्यास दुसऱ्याच्या कामी येतो आणि जागरणे वाचतात. मनुष्यबळ आणि ऑपरेशन्स ही जोडी मात्र वर्गात हसण्यावारी नेली जाते, ती अन्यायाने. कारण चाकणच्या एखाद्या कारखान्यात रात्रपाळीला कंत्राटी कामगार कमी आले, तर कोणत्या यंत्रावरचा माणूस कुठे हलवावा आणि तसे करताना कायदा कुठे आडवा येतो, हे एकाच डोक्यात असावे लागते. मार्केटिंगबरोबर एचआर घेण्याचे समर्थन बहुधा ‘दोन्हीकडे माणसांशी बोलावे लागते’ असे केले जाते. या कसोटीवर बसवाहकाचे कामही विशेषीकरणात मोडेल.

दुसरे विशेषीकरण नोकरी मिळवून देते काय, याचे उत्तर अर्थशास्त्रज्ञ मायकेल स्पेन्स यांच्या १९७३च्या संकेत-सिद्धांतात सापडते. पुढे २००१मध्ये त्यांना अर्थशास्त्राच्या नोबेलात वाटाही मिळाला. मालकाला उमेदवाराची खरी कुवत दिसत नसल्याने तो पदवीसारख्या खुणेवरून अंदाज बांधतो. मात्र कमी कुवतीच्या माणसाला ती खूण मिळवणे जड जात असेल तरच तिला अर्थ असतो, असे हा सिद्धांत सांगतो. आदल्या रात्री गाइड वाचून अख्खा वर्ग मायनर पार करू लागला, की वरातीत सगळ्यांनीच फेटे बांधल्यावर नवरदेव ओळखताना होते तशी मालकाची पंचाईत होते. अमेरिकेत १८८१मध्ये स्थापन झालेल्या व्हार्टन या व्यवस्थापन महाविद्यालयातही पदवीचे विद्यार्थी एकाहून अधिक विशेषीकरणे घेऊ शकतात, पण शेवटी सर्वांच्या हाती पदवी तीच पडते. आणि अहमदाबादच्या आयआयएमचा प्रमुख दोन वर्षांचा अभ्यासक्रम तर विशेषीकरणाचा शिक्काच मारत नाही. हा तपशील घरी सांगू नये.

आता संधिव्ययाकडे वळावे. एक गोष्ट निवडल्यामुळे जी दुसरी हातची जाते तिची किंमत म्हणजे संधिव्यय, आणि येथे हातची जाणारी गोष्ट म्हणजे मेजरमधील खोली. समर इंटर्नशिप एकच असते, तिच्या प्रकल्प अहवालाचे सोनेरी अक्षरांचे ब्लॅक बुकही एकाच विषयावर बांधले जाते, त्यामुळे मायनरचे ज्ञान पुस्तकातून उत्तरपत्रिकेत व तेथून थेट विस्मृतीत जाते. मुलाखत घेणारा नेमका बायोडेटातील मायनरच्याच ओळीवर बोट ठेवतो आणि ‘मेजर मार्केटिंग, मायनर फायनान्स’ असे लिहिणाऱ्यास विचारतो की, विक्री वाढली, नफाही दिसतो आहे, तरी पगाराला पैसे का नाहीत? टार्गेट गाठण्यासाठी विक्री विभागाने नव्वद दिवसांच्या उधारीवर माल दिला, वसुली रखडली आणि खेळते भांडवल, म्हणजे चालू मालमत्तेतून चालू देणी वजा जाता उरणारी रक्कम, थकबाकीत अडकून पडले, हे ज्याला तेथल्या तेथे सांगता येते त्याचे ड्युअल खरे. ज्याला केवळ व्याख्या आठवते, त्याने ती ओळ बायोडेटातून काढून टाकलेली बरी.

तात्पर्याची घाई असलेल्यांनी दोन्ही विषयांच्या जुन्या प्रश्नपत्रिका न मिळवता दोन्हींची पाठ्यपुस्तके मिळवावीत व प्रत्येकी एक प्रकरण वाचून पाहावे. दुसरे प्रकरण वाचावेसे वाटले, तर मायनरचा अर्ज भरावा. न वाटल्यास एकाच विशेषीकरणावर समाधान मानून उरलेल्या वेळात एक्सेलमधील पिव्होट टेबल शिकून घ्यावे, कारण पहिल्या नोकरीत मेजर आणि मायनर कोणतेही असले, तरी सोमवारी सकाळी वरिष्ठ मागतात ते तेच.