डिझेल रोख, भाडं उधार

मार्चअखेर आली की मुळशीतल्या ट्रकमालकांच्या घरी वर्षाचा हिशेब निघतो. भूगाव, पिरंगुट, घोटवडे, उरवडे या पट्ट्यात चार-सहा गाड्यांची अशी घरं पुष्कळ. वडिलांनी एक गाडी स्वतः चालवून धंदा उभा केला, आता मुलगा भाडी धरतो, सून बिलं आणि जीएसटी बघते. यंदा कमावलं किती, याचं उत्तर मात्र वहीत सापडत नाही, कारण कमाईचा मोठा भाग अजून दुसऱ्यांच्याच खात्यात आहे. मुळशीचा छोटा ट्रकमालक कारखान्यांना बिनव्याजी पैसा पुरवतो आहे. हे थांबलं पाहिजे.

पैसा कसा जातो ते पाहा. गाडी सुटायच्या आधी डिझेल भरायचं, तेही रोख. टोल फास्टॅगमधून तिथल्या तिथे कापला जातो. ड्रायव्हरचा भत्ता हातात द्यावा लागतो. बँकेचा हप्ता ठरल्या तारखेला जातो, मग गाडी भरलेली असो की परतीच्या भाड्यासाठी भिवंडीला उभी असो. विमा वर्षाचा आगाऊ. भाड्याचं बिल मात्र सही-शिक्क्याची पोच परत आल्याशिवाय कुणी घेत नाही, आणि घेतल्यावर साठ-नव्वद दिवसांचा वायदा. पोचेवरचा शिक्का पुसट निघाला तर तेवढ्यावरून बिल परत येतं.

महिन्याला दहा लाखांचं बिल होणारं घर धरा. नव्वद दिवसांच्या वायद्यात त्याचे तीस लाख कायम अडकलेले. तेवढी रक्कम दरमहा दीड टक्क्यानं उचलून गाडा हाकायचा तर पंचेचाळीस हजार दर महिन्याला नुसतं व्याज. एका ड्रायव्हरचा पगार त्यात सुटतो आणि वर पैसे उरतात. मग हीच घरं ड्रायव्हर मिळत नाही म्हणून एक गाडी दारात उभी ठेवतात.

२०२५ मध्ये चांगलंही घडलं, ते सांगायलाच हवं. २२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्या दिवशी, नव्या ट्रकवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. १ ऑक्टोबरपासून तयार होणाऱ्या ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. वैशाखात इंजिनाच्या धगीशेजारी दहा-दहा तास बसणाऱ्या माणसाला हे फार आधी मिळायला हवं होतं. पण सगळंच चांगलं नव्हतं. जुलैत ई-चलनांविरुद्ध राज्यभर वाहतूकदारांनी संप केला. आणि ऑगस्टमध्ये हिंजवडीत काँक्रीट मिक्सरखाली एक शाळकरी मुलगी गेली. असे अपघात टाळायला गर्दीच्या वेळी अवजड गाड्या बंद ठेवण्यानं ट्रकमालकाचे तास बुडतात, तरीही ही बंदी योग्यच आहे आणि ती कडक पाळली गेली पाहिजे. पण बुडालेल्या तासांचं हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबल्याचे पैसे, माल पाठवणाऱ्यानं द्यायला हवं. आज तेही ट्रकमालकच सोसतो.

उधारीवर कायदा नाही असं नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा कायदा २००६ चा आहे. सूक्ष्म किंवा लघु म्हणून ‘उद्यम’ नोंदणी असलेल्या धंद्याचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत चुकवावं लागतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज द्यावं लागतं. १ एप्रिल २०२४ पासून प्राप्तिकर कायद्यानंही दोरी आवळली. मुदत उलटूनही ३१ मार्चला थकीत राहिलेलं असं बिल कंपनीला खर्चात धरता येत नाही. पैसे प्रत्यक्ष देईल त्याच वर्षी वजावट.

मग पैसे का येत नाहीत? कारखाना आणि ट्रकमालक यांच्यामध्ये एक ठेकेदार असतो, कधी दोन असतात. कारखाना ठेकेदाराकडे बोट दाखवतो, ठेकेदार कारखान्याकडे. शिवाय व्याज मागणाऱ्याची गाडी पुढच्या महिन्यात कामाला लागत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. कायदा तक्रारीची वाट बघत बसतो आणि तक्रार करायला कुणी धजत नाही.

या तालुक्याच्या बाबतीत मला हे जास्त खुपतं. टाटांच्या धरणासाठी इथली भातखाचरं पाण्याखाली गेली. १९२१ साली सेनापती बापटांबरोबर मुळशीचे शेतकरी सत्याग्रहाला बसले, तरी धरण झालंच. पुढे हिंजवडीत आयटी पार्क आलं, पिरंगुटला कारखाने आले, बंगल्यांच्या योजना आल्या. जमिनी विकून आलेला पैसा अनेक घरांत टिकला नाही, हे मुळशीत कुणाला सांगायला नको. काही घरांनी मात्र त्या पैशाची चाकं घेतली, ताम्हिणीच्या धो-धो पावसात घाट उतरून माणगावला माल पोचवला, आणि धंदा दुसऱ्या पिढीच्या हाती दिला. जमीन देऊन उभी राहिलेली ही घरं त्याच जमिनीवरच्या कारखान्यांच्या उधारीत बुडू नयेत.

ट्रकमालकांनो, उद्यम नोंदणी केली नसेल तर आधी ती करा, तिचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापा आणि बिल दिल्याच्या तारखेची पोच लेखी घ्या. एकट्यानं व्याज मागायची भीती वाटते ना, मग तालुक्याच्या संघटनेच्या नावानं मागा. आणि कारखान्यांच्या हिशेबनिसांना एकच विनंती: तुमच्या टेबलावर मुळशीच्या गाड्यांची जी बिलं मुदत ओलांडून पडली आहेत, ती ३१ मार्चच्या आत चुकती करा.