सोनार बंद पडला

नोव्हेंबर 2017 मधली सकाळ. मी सुतकी चेहऱ्यानं ओसरीवर आलो आणि म्हणालो, ‘बाबा, सोनार बंद पडला.’

बाबांच्या हातातला पेपर खाली आला. ‘काहून? कर्ज झालं का त्याले?’

आतून आई धावली. ‘मायबाई! माही पोत तं नाही नं त्याच्यापाशी?’

आता यांना काय सांगावं? सोनार म्हणजे गाणी रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर. ते काढणारी केकवॉक कंपनी 1987 पासूनची. गिब्सन या गिटारवाल्या कंपनीनं ती 2013 साली घेतली आणि 20 नोव्हेंबर 2017 ला तिचं काम थांबवत असल्याचं जाहीर केलं. त्याच्या आदल्या वर्षीच ‘आयुष्यभर मोफत अपडेट’ विकून झाले होते. आयुष्य गिऱ्हाइकाचं की सॉफ्टवेअरचं, हे विचारायचं लोकांचं राहूनच गेलं.

माझा यात रुपयाही बुडाला नव्हता. माझा ‘सोनार आठ’ पन्नास रुपयांच्या सीडीवरचा, म्हणजे सरळ चोरीचा. पण निष्ठा अस्सल! सिंदी मेघेतल्या आमच्या मागच्या खोलीत, भिंतींना गाद्या टेकवून, मे महिन्याच्या 45 अंशांत पंखा बंद ठेवून मी भजनी मंडळं रेकॉर्ड केली आहेत. पेटी, तबला, खंजिरी, टाळ आणि दर तिसऱ्या कडव्याला शेजारच्यांचं कुत्रं. ‘आर’ दाबला की रेकॉर्डिंग सुरू, हे माझ्या बोटाला झोपेतही ठाऊक. एकदा तबलजी सिंदी म्हणून सिंदी रेल्वे या दुसऱ्याच गावी उतरला, तेव्हा मंडळानं नुसत्या टाळांवर निभावलं. तेही मी जपून ठेवलंय.

मग 2018 साली सिंगापूरच्या बँडलॅबनं केकवॉक विकत घेतलं आणि चक्क फुकट वाटलं. म्हणजे माझं पाप आपोआप फिटणार होतं! पण नवं सॉफ्टवेअर 64 बिटचं, माझा कॉम्प्युटर 32 बिटचा. पुण्य फुकट मिळत होतं, ठेवायला जागा नव्हती. शेवटी जुना-पुराणा 64 बिटचा डबा आणला. जुनी भजनं त्यात उघडली, कुत्र्यासकट. डोळ्यांत पाणी आलं. (पंखा बंद होता, घामही असेल.)

मी जरा स्थिरावतो तोच 2023 साली जाहीर झालं, की हे फुकटचंही पुढं बंद होणार आणि त्याच्या जागी नवं येणार. नाव? सोनार!

मी घरात सांगितलं. बाबा म्हणाले, ‘आला का तो वापस?’

आई म्हणाली, ‘येऊ दे. पण पोत दाखवू नको त्याले.’

‘सोनार आठ’ची ती सीडी आता चरे पडून वाचली जात नाही. 32 बिटचा जुना कॉम्प्युटर मात्र अजून चालू आहे. कुणाकडे ‘सोनार आठ’ची प्रत असेल तर पेन ड्राइव्हवर घेऊन या, चहा पाजतो. फक्त सिंदी मेघेला या. सिंदी रेल्वेला उतरू नका.