तिरक्या रेघेची नोकरी

व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपन्यांची जाहिरात वाचताना अक्षरांपेक्षा त्यातली तिरकी रेघ नीट बघावी. ‘यूआय/यूएक्स डिझायनर पाहिजे.’ यूआय म्हणजे पडद्यावरचं रूप, यूएक्स म्हणजे वापरणाऱ्याचा अनुभव; मालकाची सगळी काटकसर त्या दोहोंमधल्या रेघेत आहे. खाली अटी: चित्रकला हवी, मानसशास्त्र कळावं, युनिटी नाहीतर अनरिअल या गेम इंजिनावर हात बसलेला असावा, खेळाडूंच्या चाचण्या घेता याव्यात, अ‍ॅनिमेशन येत असल्यास प्राधान्य. अनुभव एक ते दोन वर्षं. पगार अर्थातच एकाचा.

मोठ्या स्टुडिओत ही कामं वेगवेगळी माणसं करतात. नेमबाजीच्या गेममध्ये तुमचा जीव संपत आलाय, एवढीच गोष्ट घ्या. ती तुम्हाला कधी कळावी, गोळ्या चुकवताना तुमची नजर कुठे असेल, हे यूएक्सवाला ठरवतो. त्याच्या आराखड्यात नुसते करडे चौकोन. त्यांना रूप देतो यूआय आर्टिस्ट. प्रोग्रामर ते इंजिनात बसवतो आणि हेल्थ बार, म्हणजे उरलेला जीव दाखवणारी पट्टी, वेळेवर उतरत नाही म्हणून रात्र जागवतो. मग रिसर्चर एखाद्या अनोळखी माणसाच्या हाती कंट्रोलर देतो आणि तोंडाला कुलूप लावून शेजारी बसतो. समोरचा दहा मिनिटं भलतंच बटण बडवत असला तरी सांगायचं नाही! (एवढा संयम असलेला माणूस रिसर्चर कशाला होईल, थेट सासरा होईल.)

चौघांचं जुळलं तर काय होतं, हे 2008 च्या ‘डेड स्पेस’ या गेममध्ये बघावं. कॅमेरा सतत नायकाच्या मागे, म्हणजे खेळणाऱ्याला दिसणार त्याची पाठ. मग हेल्थ बार पडद्याच्या कोपऱ्यात कशाला? तो नायकाच्या पोशाखावर, पाठीच्या कण्यावरच उजळवला. जीव गेला की कणा विझतो. पडदा मोकळा, आणि भीती दुप्पट.

आता हीच विद्या दुसऱ्या बाजूने बघा. डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ‘फोर्टनाइट’च्या एपिक गेम्सवर आरोप ठेवले, ते चक्क बटणांवरून. झोपलेला गेम जागा करायला गेलं, की खरेदी. लोडिंग चालू असताना बोट लागलं, की खरेदी. वस्तू नुसती न्याहाळायला जावं तर शेजारचं बटण दाबलं जाऊन खरेदी. रद्द करण्याची आणि परताव्याची सोय मात्र मुद्दाम आडबाजूला. दहा लाखांवर तक्रारी आल्या, खुद्द कर्मचाऱ्यांनी वारंवार सांगितलं, तरी कंपनीने कानाडोळा केला, असं आयोगाचं म्हणणं. प्रकरण मिटलं 24.5 कोटी डॉलरला, खेळाडूंच्या परताव्यापोटी. मुलांच्या खासगी माहितीबद्दलचा 27.5 कोटींचा दंड वेगळाच.

इथे मला ‘डिझाइन फसलं’ म्हणणाऱ्यांचं हसू येतं. माणसाची नजर कुठे जाते हे ज्याला कळतं, ती कुठे जाऊ नये हेही त्यालाच नेमकं कळतं. खर्च करायचं बटण अंगठ्याखाली आणि परताव्याचं पार आडोशाला, ही मांडणी अडाणीपणाने साधत नाही. त्यालाही चांगला पगार घेणारं डोकं लागतं. आणि कर्मचाऱ्यांनी सांगूनही ऐकलं नसेल, तर दुखणं कौशल्याचं नाही, अधिकाराचं आहे. पाच कामं एका पदात कोंबणाऱ्या जाहिरातीत सहावी ओळ कधीच नसते: ‘नाही’ म्हणण्याची मुभा.

पुण्या-मुंबईतही गेम स्टुडिओ आहेत, आणि यूआय-यूएक्स शिकवणाऱ्या क्लासांना तर तोटाच नाही. तिथून बाहेर पडणाऱ्या पोरापोरींना एवढंच सांगणं: मुलाखत संपताना ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ असं विचारतील. तेव्हा सुट्ट्यांचं विचारू नका. विचारा, चाचणीत लोक फसतायत असं दिसलं तर ते बटण हलवायचा अधिकार या पदाला आहे का? आणि उत्तर येईपर्यंत समोरच्याची नजर कुठे जाते ते बघा. यूएक्स रिसर्चची पहिली चाचणी तिथेच उरकेल.