स्कूपदादा

स्कूपदादाला वजन विचारलं तर तो दशांश चिन्हापुढचे दोन आकडेही सांगतो. जेवलास का, असं विचारलं तर ग्रॅममध्ये उत्तर देतो. वय अठ्ठावीस, मुक्काम डोंबिवली पूर्व, नोकरी पवईला आणि दैवत जिमच्या तळमजल्यावर. खरं नाव फक्त आधार कार्डावर आणि आईच्या तोंडी उरलंय. बाकी सोसायटीला तो स्कूपदादा, कारण त्याच्या जगात चमचाभर, मूठभर, चिमूटभर असं काही नसतंच. सगळं स्कूपात.

त्यांच्या स्वयंपाकघरात ज्या फळीवर पूर्वी पितळेचे डबे असायचे, तिथे आता बालदीएवढे काळे प्लॅस्टिकचे डबे असतात. व्हे प्रोटीन, मास गेनर, क्रिएटिन, प्री-वर्कआउट, बीसीएए. व्हे म्हणजे चीज करताना उरणाऱ्या पाण्यातलं प्रोटीन, हे त्यानं एकदा आईला समजावून सांगितलं आणि माऊलीची झोप उडाली. श्रीखंडाचा चक्का टांगला की खालच्या पातेल्यात साठणारं पाणी ती लग्न झाल्यापासून मोरीत ओतत आली होती. "म्हणजे इतकी वर्षं मी पैसे ओतले की काय रे?"

पण ही गोष्ट स्कूपदादाच्या दातांची, आणि दातांपुरतं बोलायचं तर ते व्हे बिचारं गरीब. शेवटी दुधाच्याच घरातलं. भानगड आहे ती त्याच्या शेकरमधल्या निळ्या पाण्यात.

हा शेकर म्हणजे स्कूपदादाचा सहावा अवयव. आत तारेचा गोळा, त्यामुळे दादा जिना उतरायला लागला की खडखडाट आधी खाली पोचतो. फ्लेवर ब्लू रास्पबेरी. रास्पबेरी निळी नसते हे मी त्याला सांगून पाहिलं. "काका, शुगर फ्री आहे," हे त्याचं उत्तर. शुगर फ्री म्हटलं की दादाच्या मते वादच मिटतो. साखर नाही तर दाताला काय होणार?

होतं असं, की त्या पाण्याला जो झणझणीत आंबटपणा येतो तो सायट्रिक अ‍ॅसिडचा, आणि असल्या पेयांचा पीएच तीनच्या आसपास असतो. साधारण साडेपाचच्या खाली गेलं की दाताचं इनॅमल विरघळायला लागतं. लाळ बिचारी येऊन सगळं निस्तरते, पण तिला अर्धा तास तरी लागतो. तेवढी उसंत स्कूपदादा देत नाही. फास्ट लोकलमध्ये शेकर तोंडापर्यंत न्यायला जागा मिळत नाही, म्हणून तो मुद्दाम स्लो पकडतो आणि जिममध्ये उरलेलं पाणी स्टेशनागणिक संपवतो. कोपरला एक घोट, दिव्याला एक, मुंब्र्याला, कळव्याला. ठाण्याला गर्दीच्या रेट्यात दोन. मुलुंड, नाहूर, भांडुप करत कांजूरमार्गला उतरेपर्यंत दात आंबट पाण्यातच. त्याआधी तासभर जिममध्ये तोंडानं धापा टाकून तोंड कोरडं ठणठणीत झालेलं, म्हणजे लाळेचाही तुटवडा. शिवाय डेडलिफ्ट मारताना दातओठ खाणं. ते तर दादाला व्यायामाचाच भाग वाटतं.

कोल्हापूरच्या तालमीतला पैलवानही खुराकावर जीव टाकतो. पण थंडाईचा भला मोठा तांब्या तो एका दमात रिकामा करतो, मिशा पुसतो आणि मोकळा होतो. थंडाई स्टेशनागणिक घोट घोट पिणारा पैलवान मी तरी पाहिलेला नाही.

बरं, स्कूपदादा दातांची हेळसांड करतो असं म्हणाल तर जीभ झडेल. उलट फार करतो. सकाळी उपाशीपोटी अ‍ॅपल सायडर व्हिनेगर घेतो आणि घेतल्याबरोबर, चव जावी म्हणून, ब्रश करतो. ब्रश कडक दात्यांचा. बाही वर सरकवून, आरशात दंडाकडे बघत, एका बाजूला तीस रेप्स, दुसऱ्या बाजूला तीस. आम्लानं नुकतंच मऊ पडलेलं इनॅमल खरवडायला याहून चांगला मुहूर्त नाही. इनॅमल पातळ झालं आणि खालचं पिवळसर डेंटिन दिसायला लागलं, तेव्हा दात पिवळे पडले म्हणून त्यानं कोळशाची पेस्ट आणली. म्हणजे आता पॉलिश पेपर.

आणि रात्री मास गेनर. त्यातलं माल्टोडेक्स्ट्रिन जिभेला फारसं गोड लागत नाही, पण लाळेच्या तावडीत सापडलं की त्याची साखर होते. मग दातांवरच्या जंतूंची रात्रभर पंगत. "गेनर पिऊन लगेच आडवं झालं की रिकव्हरी होते, काका." रिकव्हरी होत होती, जंतूंची.

शेवटी एकशे चाळीस किलो उचलणारा हा गडी डिंकाच्या लाडवापुढे हरला. आईच्या आग्रहाखातर चीट मील म्हणून लाडू चावला आणि दाढेचा टवका उडाला.

डेंटिस्ट मॅडमच्या दवाखान्यात सोबत म्हणून मी गेलो होतो. मॅडमनी आरसा फिरवला आणि एकच विचारलं, "दिवसभर काय पिता तुम्ही?" स्कूपदादानं यादी सांगितली, मॅडमनी मध्येच पेन खाली ठेवलं.

"इनॅमल गेलंय," त्या म्हणाल्या.

"किती आठवड्यांत परत येईल?"

"येत नाही. ते तयार करणाऱ्या पेशी दात उगवला की संपतात."

"रेस्ट डे वाढवले तर?"

"नाही."

"स्नायू फाटला तरी भरून येतो, मॅडम."

"म्हणून तर स्नायूंचा दवाखाना माझ्याकडे नाही."

स्कूपदादा अभ्यास दाखवा म्हणाला. मॅडमकडे तोही होता. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये क्रीडाग्रामातल्या दंतविभागात आलेल्या 302 खेळाडूंचे दात तपासले गेले. 55 टक्क्यांच्या दातांना कीड आणि 45 टक्क्यांच्या दातांची आम्लानं झीज झालेली. पुढे 2019 मध्ये ब्रिटनच्या अव्वल खेळाडूंच्या पाहणीत तर 94 टक्के लोक दिवसातून दोनदा ब्रश करणारे निघाले, तरी जवळपास निम्म्यांच्या तोंडात उपचार न केलेली कीड होतीच. मॅडमना वाटलं, आता पोरगा घाबरेल.

स्कूपदादाचा चेहरा उजळला. माझ्याकडे वळून तो म्हणाला, "काका, म्हणजे दातांच्या बाबतीत मी ऑलिंपिक लेव्हलला आहे."

मॅडमनी सांगितलेलं त्यानं मात्र मनापासून पाळलं, हे कबूल करायला हवं. सांगितलंही साधंच होतं. प्यायचं ते एकदाच पिऊन टाका, मागाहून साध्या पाण्यानं चूळ भरा, ब्रशला तासभर हात लावू नका आणि तोही मऊ आणा, गेनरनंतर तोंड साफ केल्याशिवाय उशीला डोकं टेकू नका. आता शेकरमध्ये साधं पाणी असतं, तारेचा गोळा मात्र सवयीनं आतच. ब्रशच्या तासाचा टायमर फोनवर लागतो आणि सोसायटीत कुणी लिंबूपाणी पिताना दिसलं की दादा त्याला पीएच सांगतो.

दाढेचं रूट कॅनाल झालं. टोपी कशाची हवी, म्हणून मॅडमनी पर्याय सांगितले. स्कूपदादानं रात्रभर वाचन केलं आणि सकाळी सात वाजता माझी बेल वाजवली. "काका, झिरकोनिया! हजार मेगापास्कलच्या आसपास स्ट्रेंग्थ! इनॅमल त्याच्यापुढे काहीच नाही." त्याच दिवशी त्यानं मॅडमना फोन करून विचारलं, की उरलेल्या दातांनाही आत्ताच टोप्या बसवून घेतल्या तर वार्षिक पॅकेजमध्ये काही सूट मिळेल का.