एकट्याची गर्दी

हिवाळ्यात उंच पर्वतावर ‘एकट्याने’ जाणाऱ्यांचा एकटेपणा जरा पारखून घ्यायला हवा. अलास्कातल्या ६,१९० मीटर उंच देनालीचेच बघा. १२ फेब्रुवारी १९८४ रोजी, आपल्या ४३व्या वाढदिवशी, जपानचे नाओमी उएमुरा भर हिवाळ्यात एकटे माथ्यावर पोचले. हिमभेगेत पडलोच तर आडवे अडकावे म्हणून अंगाला लांब बांबू बांधले होते. दुसऱ्या दिवशी विमानातल्या लोकांशी रेडिओवर बोलणे झाले, ते शेवटचे. मग शोधाला माणसे धावली, थेट जपानहूनही. मृतदेह आजतागायत सापडलेला नाही. १९८८च्या मार्चमध्ये, हिवाळा सरता सरता, व्हर्न तेहास एकटे जाऊन जिवंत परतले, पण त्याच भेगांसाठी शिडी सोबत घेऊन. म्हणजे दोरीच्या दुसऱ्या टोकाचा माणूस वजा करायचा आणि त्याचे काम शिडीला द्यायचे. शिडी निदान उलट बोलत नाही.

यावर म्हणतील, ज्याचा जीव त्याची मर्जी, तुमचे काय जाते? आपले काहीच जात नाही, कबूल. जाते ते शोधपथकाचे, आणि त्यांना एकट्याने जायची हौस परवडत नाही. शिवाय बांबू बांधणाऱ्याला भेगेची धास्ती तरी होती. हल्लीचे एकांडे शिलेदार काठीच्या टोकाला कॅमेरा बांधतात आणि हजारोंना दाखवून सांगतात की, इथे चिटपाखरूही नाही.