आवाज कुणाचा?

आपल्या आमदाराने गेल्या अधिवेशनात कोणत्या विधेयकाच्या बाजूने मत दिले, हे शोधण्याच्या भानगडीत सुज्ञ मतदाराने पडू नये. पेव्हर ब्लॉक, हायमास्ट दिवे, व्यायामशाळा यांचा हिशेब साहेबांच्या कार्यअहवालात रंगीत छायाचित्रांसह मिळतो; कायद्यांच्या नावाने मात्र शुकशुकाट. त्यात दोष एकट्या साहेबांचा नाही. विधानसभेत विधेयके बहुधा आवाजी मतदानाने संमत होतात आणि आवाजाला नाव-गाव नसते. अध्यक्ष विचारतात, काही बाके ‘होय’ म्हणतात, काही ‘नाही’, की झाला कायदा. साहेब तेव्हा बाकावर होते, उपाहारगृहात होते की मतदारसंघातल्या लग्नात अक्षता टाकत होते, हे विधात्यालाच ठाऊक.

10 जुलै 2025 रोजी महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक असेच विधानसभेत संमत झाले. त्यावर बारा हजारांहून अधिक हरकती-सूचना आलेल्या. सभागृहात ठाम विरोध नोंदवला तो डहाणूच्या विनोद निकोले या माकपच्या एकमेव आमदाराने. म्हणजे 288 जणांच्या सभेत एकाचे मत पक्के कळले. बाकीच्यांत मनापासून होकार कुणाचा आणि मौन कुणाचे, याची यादी नाही. 12 नोव्हेंबर 2014 रोजी तर फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक ठरावही आवाजावरच तरला. उलट 4 जुलै 2022 रोजी शिंदे सरकारसाठी शिरगणती झाली: 164 विरुद्ध 99. तेव्हा मोजता येत नाही असे मुळीच नाही. आकडा मिरवायचा असला की डोकी मोजतात, नसला की कानांवर भागवतात.

यावर जाणकार म्हणतील, प्रत्येक विधेयकाला शिरगणती करायची तर वेळ किती जाईल! गोंधळ आणि तहकुबीत दिवस वाहून जातात तेव्हा ही काटकसर कुठे असते? दुसरा आक्षेप वजनदार आहे: 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर मत पक्षादेशाचे, आमदाराचे नव्हेच, मग नोंद कशाला? नोंद त्यासाठीच हवी. पक्षादेश पाळला, मोडला की गैरहजेरीत गुंडाळला, एवढे तरी कळेल. मतविभाजन, म्हणजे मोजून-नोंदवून मतदान, मागण्याची सोय नियमांत आहे. विरोधकही ती क्वचितच वापरतात, कारण नोंद झाली तर त्यांच्याही रिकाम्या बाकांची होईल.

तेव्हा पुढच्या वेळी कार्यअहवाल घेऊन कार्यकर्ते दारात आले की पेव्हर ब्लॉक मोजत बसू नका. साहेब कोणत्या विधेयकाला काय म्हणाले, ते त्यांच्या सहीनिशी लिहून मागा.